पुढे रस्ता बंद आहे

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, तेव्हा पेंटरने बायकोला विचारलं, तुला काय हवं ते माग. असं विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं. पेंटरने मनात मनगटी घड्याळ धरलं होतं. बाईंनी कपबशा विसळता विसळता, मानही वर न करता सांगितलं, "एक दिवस हवा. कुणाचाही आवाज येणार नाही असा."

बाई म्हणजे त्याची बायकोच. त्या सव्वीस वर्षं बालवर्गाला शिकवत होत्या. चाळीस पोरं एका दमात "बाई" म्हणून हाका मारायची, त्यामुळे गल्लीतली पिकल्या केसांची माणसंही त्यांना बाईच म्हणत, आणि काही चुकलं असलं की पेंटरही. शाळा सुटून घरी यावं, तर घराच्या एका अंगाला सलून. तिथे दिवसभर रेडिओ. दुसऱ्या अंगाला त्यांच्याच धाकट्या भावाचं, म्हणजे पेंटरच्या मेव्हण्याचं, गोदाम. भाऊ लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा आणि संध्याकाळी परत आलेला प्रत्येक कर्णा "हॅलो, हॅलो" करून तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही. राहता राहिलं घर, आणि घरात पेंटर. तो हाताने बोर्ड रंगवायचा आणि तोंडाने बोलायचा. पंचवीस वर्षांत ही दोन कामं एकमेकांच्या आड कधी आली नव्हती.

माणूस मात्र सरळ. लिहिलेलं पाळायचं, हे त्याचं एकच तत्त्व. बोर्ड लिहिणाऱ्याने घाम गाळलेला असतो, तेव्हा वाचणाऱ्याने निदान मान द्यावा, असं तो सगळ्यांना ऐकवायचा. एकदा बँकेत दुसरं कुणीही नसताना 'रांगेत उभे राहा' या पाटीखाली तो एकटाच दहा मिनिटं रांग करून उभा होता. पाटी त्यानेच रंगवलेली होती.

त्याच्या गुरूची एक खोडही त्याने उचलली होती. अनुस्वाराचं टिंब भरताना तो वरच्या बाजूला तिळाएवढी जागा कोरी सोडायचा. त्यामुळे टिंब आपल्याकडे बघतंय असं वाटायचं. म्हणजे कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं. लोक मजकूर वाचतात, अक्षर बघत नाहीत, ही त्याची जुनी तक्रार. शाळेवर 'बालमंदिर' हा बोर्ड चढवत असताना नव्यानेच लागलेल्या एका बाईंनी शिडीखाली उभं राहून विचारलं होतं, "टिंबाला डोळा का ठेवलात?" पेंटर शिडीवरून उतरला तो थेट लग्नालाच उभा राहिला.

तर आता या बाईंना एक दिवस शांतता हवी होती. पेंटर पंधरा दिवस शोधात होता. मग एका होडीवर नाव रंगवायला तो किनाऱ्याच्या बाजूला गेला, तेव्हा होडीवाल्याने सहज सांगितलं की टेकडीपलीकडे आणखी एक समुद्र आहे, तिथे कुणी जात नाही. पेंटर बघून आला. डांबरी रस्त्याला एक फाटा फुटत होता. तिथून कच्चा रस्ता काट्याकुट्यांतून आणि काळ्या खडकांतून टेकडीला वळसा घालत तीन मैल जायचा आणि वाळूवर येऊन संपायचा. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये वितभर किनारा. टपरी नाही, बाक नाही, दिव्याचा खांब नाही. पेंटर तिथे अर्धा तास उभा राहिला आणि त्याला पहिल्यांदाच बोलायला काही सुचलं नाही.

इतकं चांगलं काही सापडल्यावर ते पोटात ठेवणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. बायकोला सांगायचं नव्हतं, कारण तिला रविवारी अचानक न्यायचं होतं. म्हणून त्याने सलूनवाल्याला सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली रविवारी समुद्रावर निघाली होती. रेडिओ कुणी आणायचा, पत्ते कुणी आणायचे, हेही ठरलं. मेव्हण्याने एक छोटा कर्णा आणायचं कबूल केलं.

पेंटरची त्या दिवशी जेवणावर वासना राहिली नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याने जे केलं ते त्याच्यासारख्या माणसाने जन्मात केलं नसतं. त्याने एक पत्रा कापला, पिवळा रंग दिला आणि त्यावर काळ्या अक्षरात लिहिलं: 'पुढे रस्ता बंद आहे.' एवढंच लिहून तो थांबला असता तर ही गोष्टही इथेच थांबली असती. पण ओळ वर बसली आणि खाली निम्मा पत्रा रिकामा राहिला. मोकळी जागा पेंटरच्या डोळ्यांत खुपते. म्हणून त्याने खाली लिहिलं: 'पूल खचला आहे.' तरी तळाला बोटभर पट्टी उरलीच. तिथे त्याने बारीक अक्षरात 'हुकुमावरून' लिहिलं आणि बोर्ड लांबून बघितला. फार छान बसला होता. त्या रस्त्यावर पूल नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. बुधवारी सकाळी त्याने तो फाट्यावर दोन खांबांना ठोकला आणि परत येऊन सलूनमध्ये हळहळला, की काय सांगू, पूल खचला, रस्ताच बंद झाला.

रविवारी त्याने मेव्हण्याची जीप मागून घेतली. होडीवाल्याकडे काम आहे, असं सांगितलं. जीप धंद्याची होती. टपावर दोन कर्णे, मागच्या सीटवर मशीन आणि माइक. मेव्हण्याने किल्ली देताना बजावलं की ओरखडा निघाला तरी चालेल, पण मशीनला पाणी लागता कामा नये, त्याच्यावर माझं घर चालतं. पेंटरने मान हलवली. बाई डबा आणि चहाचा थर्मास घेऊन बसल्या, आणि कुठे जातोय हे न विचारता खिडकीबाहेर बघत राहिल्या.

फाट्यावर आल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "थांबवा."

बाईंनी बोर्ड वाचला, पोरांना वाचून दाखवतात तसा, शब्दाशब्दावर थांबत. मग त्या खाली उतरल्या, जवळ गेल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. पेंटर स्टिअरिंगवरची नसलेली धूळ नखाने काढत बसला.

"पूल खचलाय म्हणतात," बाई येऊन म्हणाल्या.

"खचला असेल थोडासा."

"थोडासा असता तर तसं लिहिलं असतं. तुम्हीच म्हणता ना, लिहिणाऱ्याने घाम गाळलेला असतो."

"हा काही घाम गाळून लिहिलेला दिसत नाही," पेंटर म्हणाला, आणि ते म्हणताना त्याच्या जिवाला फार लागलं. "उगाच कुणीतरी खरडलेलं असेल."

"खरडलेलं? नाही हो. अक्षर सुरेख आहे. अगदी मन लावून काढलंय."

पेंटरच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. आभार मानायला उघडलेलं तोंड त्याने मोठ्या कष्टाने मिटलं. सरकारी बोर्ड काढायला विसरतात, असं काहीतरी तो पुटपुटला. बाईंनी 'हुकुमावरून' म्हणजे कुणाच्या, एवढं विचारलं आणि जीपमध्ये बसत म्हणाल्या, "चला मग. पण हुकूम तुम्ही मोडलात, मी नाही."

वाळूवर पोचले तेव्हा नऊ वाजले होते. बाईंनी चपला काढल्या, पाण्याच्या कडेला घडीची खुर्ची मांडली आणि बसल्या. लाट येत होती, जात होती. कड्यावरून पांढरे पक्षी उडत होते, पण तेही आपसात फारसं बोलत नव्हते. पेंटर शेजारी वाळूत बसला. त्याला खूप बोलायचं होतं. पाण्याचा निळा रंग डब्यातल्या कुठल्या निळ्याशी जुळतो, यावर तो एरवी तासभर बोलला असता. पण पोटात बोर्ड होता. तोंड उघडलं तर आधी तोच बाहेर पडेल या भीतीने तो गप्प राहिला. नऊचे दहा झाले, दहाचे अकरा. बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, हसल्या आणि डोळे मिटून घेतले. पंचवीस वर्षांत त्यांचा चेहरा इतका सैल झालेला पेंटरने बघितला नव्हता. आपण लबाडी केली, पण ती वाया गेली नाही, असं त्याला वाटलं.

मग ऊन वर आलं. बाईंवर सावली यावी म्हणून पेंटरने जीप उचलली आणि खडकाच्या पुढे, वाळूत आणली. सावली खुर्चीपासून दोन हात कमी पडली. ती पुरवायला त्याने जीप आणखी पुढे घेतली, आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. त्याने जोर लावला. जितका जोर लावला तितकी जीप खाली गेली आणि शेवटी अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीसारखी पोट टेकून बसली. तेव्हा कुठे पेंटरला होडीवाल्याचं दुसरं वाक्य आठवलं: रविवारी तीन वाजता भरती, पाणी काळ्या खडकाला लागेल. काळा खडक जीपच्या मागे होता.

फोनला रेंज एकाच दगडावर मिळत होती, तीही एका पायावर उभं राहिलं तर. पेंटरने त्या पायावरून गॅरेजवाल्याला बोलावलं. एकच्या सुमाराला गॅरेजवाल्याचा फोन आला. तोवर लाट पुढच्या चाकाला शिवून जायला लागली होती, आणि बाई खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसल्या होत्या.

"मी फाट्यावर आहे," गॅरेजवाला म्हणाला. "इथे बोर्ड आहे. पुढे रस्ता बंद."

"बोर्डाकडे लक्ष देऊ नका. सरळ या."

"पूल खचलाय म्हणे."

"अहो, पूल नाहीच आहे इथे."

"तेच म्हणतोय मी. खचलाय."

पेंटरने पाय बदलला. रेंज गेली आणि परत आली. गॅरेजवाला सांगत होता की इथे रस्ता खात्याचे ओव्हरसिअर साहेब उभे आहेत, ते कुणालाच पुढे सोडत नाहीत, त्यांच्याशीच बोला. ओव्हरसिअरचा आवाज तीन दिवस न झोपलेल्या माणसाचा होता. त्याने सांगितलं की खात्याच्या नोंदवहीत या रस्त्यावर पूल नाही. पण खचला आहे म्हणजे कधीतरी होता. होता म्हणजे कुठेतरी आहे. गुरुवारपासून तो दहा माणसं, एक ट्रक आणि दोरखंड घेऊन आजूबाजूचे सगळे ओढे शोधत होता. पूल सापडेपर्यंत या फाट्यावरून एक चाक पुढे जाणार नाही, कुणी पडलं तर माझी नोकरी जाईल, असं त्याचं म्हणणं होतं. शिवाय दहाला मी इथे येऊन उभा राहिलो तेव्हापासून पन्नास माणसं येऊन बसली आहेत, खचलेला पूल बघायला. रेडिओ आणलाय, पत्ते खेळतायत.

पेंटरने गल्ली ओळखली. समुद्र बघायला तीस निघाली असती. खचलेला पूल म्हटल्यावर पन्नास आली.

"तुम्ही आहात कुठे पण?" ओव्हरसिअरने विचारलं.

"पलीकडे."

"पुलाच्या पलीकडे? म्हणजे तुम्ही पूल बघितलात."

"नाही, म्हणजे..."

"मग पलीकडे गेलात कसे?"

याचं उत्तर पेंटरकडे एकच होतं, आणि ते देण्यासारखं नव्हतं, कारण हाताच्या अंतरावर बाई बसल्या होत्या. तो विचार करत असतानाच फोनची बॅटरी संपली. त्याला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग जीपच्या खालून पाणी वाहून गेल्याचा आवाज आला.

चालत फाट्यावर जाऊन यायचं तर तीन मैल जायचे आणि तीन यायचे, तोवर मेव्हण्याचं घर चालवणारं मशीन माशांच्या ताब्यात गेलं असतं. सरळ टेकडीवरून फाटा जवळ होता, हाकेच्या अंतरावर म्हणा ना, पण ती चढायला बकरीच हवी. हाकेच्या अंतरावर, हे मनात आलं आणि पेंटरची नजर टपावरच्या कर्ण्यांकडे गेली. मग शांत समुद्राकडे गेली. मग बाईंकडे.

"वाजवू का?" त्याने विचारलं.

"भावाची जीप आहे माझ्या," बाई म्हणाल्या. "वाजवा."

मशीन चालू झालं. पेंटरने माइक तोंडाशी धरला आणि गोदामाशेजारी राहून लागलेल्या सवयीने आधी "हॅलो, हॅलो" केलं. कड्यावरचे सगळे पक्षी एकदम उडाले.

"रस्ता चालू आहे. पूल खचलेला नाही. पूल नाही. बोर्ड खोटा आहे. सर्वांनी पुढे यावे."

कड्यांनी ते चारदा म्हणून दाखवलं. पलीकडून कुणी आलं नाही. पेंटरने पुन्हा सांगितलं. पुन्हा कुणी आलं नाही. पाणी जीपच्या पायरीला लागलं.

"कशावरून खोटा, ते सांगा ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "छापील बोर्डासारखा बोर्ड आहे. नुसतं ऐकून कोण विश्वास ठेवील?"

पेंटरने डोळे मिटले. "कारण तो मी लिहिलाय," तो माइकमध्ये म्हणाला.

एकदा बूच निघालं आणि सकाळपासून तुंबलेलं सगळं बाहेर आलं. पत्रा कुठला, रंग कुठला, खाली जागा मोकळी राहिली म्हणून पूल कसा खचवला, सलूनवाल्याला सांगून चूक कशी झाली, सगळं. "पंचवीस वर्षांत तिने एकच गोष्ट मागितली हो," टेकड्या म्हणत होत्या, "एक दिवस शांतता. ती मला द्यायची होती. माझं चुकलं. पण जीप बुडतेय, तेवढं आधी बघा."

वीस मिनिटांत सगळे आले. पुढे ट्रक, मागे गॅरेजवाल्याची गाडी, आणि दोन्हींत कोंबलेली पन्नास माणसं आणि रेडिओ. ओव्हरसिअर रस्त्याभर ट्रकमधून खाली वाकून पूल बघत आला. दहा माणसांनी दोरखंड बांधला, गल्लीने मागून खांदा दिला आणि जीप सुटली. मेव्हणा मशीनला हात लावून आला. ते कोरडं होतं. मग त्याने खात्री म्हणून एकदा "हॅलो, हॅलो" केलंच. तासाभरात काळ्या खडकामागे उरलेल्या वितभर वाळूवर पत्त्यांचे तीन डाव बसले. पेंटर सगळ्यांकडे पाठ करून उभा होता. बाईंचा दिवस मोडला, तोही आपल्याच आवाजाने, याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं.

ओव्हरसिअर त्याच्याजवळ आला. खोटा बोर्ड लावणं हा गुन्हा आहे, असं त्याने सुरुवातीला म्हणून घेतलं. मग आवाज उतरवून तो म्हणाला, "पण हे मी कळवलं तर दहा माणसं घेऊन मी तीन दिवस काय शोधत होतो, तेही लिहावं लागेल. त्यापेक्षा पूल दुरुस्त झालेला बरा."

"पण पूल तर..."

"दुरुस्त झाला. नसलेल्या पुलाच्या कामाला कितीसा वेळ लागतो. तुम्ही फक्त त्याच बोर्डाच्या पाठीवर, त्याच अक्षरात लिहून द्या: पूल दुरुस्त झाला आहे, रस्ता सुरू आहे."

पेंटरने सवयीने बाईंकडे बघितलं. बाईंनी ते वाक्य बोटावर मोजल्यासारखं मनात म्हटलं.

"लिहा बिनधास्त," त्या म्हणाल्या. "एकही टिंब नाही त्यात. कुणाचं अक्षर ते ओळखू येणार नाही."

पेंटरने विचारलं, "कधी कळलं?"

"सकाळी. फाट्यावर. 'बंद'वरचं टिंब माझ्याकडे बघत होतं."

"आणि दिवसभर काही बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्हीही बोलला असता," बाई म्हणाल्या. "सकाळी नऊ ते बारा. तीन तास तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला हवं ते मिळालं हो."

पेंटरला यावर हसावं की रुसावं, ते कळेना. त्याने हसायचं ठरवलं.

संध्याकाळी सगळे फाट्यावर आले. पेंटरची रंगाची पेटी नेहमी बरोबर असायची. त्याने बोर्ड उलटा केला आणि ओव्हरसिअरने सांगितलेल्या दोन ओळी काढल्या. गल्ली मागे उभी राहून वाचत होती. ओव्हरसिअरने मान डोलावली आणि तो ट्रकमध्ये जाऊन झोपला. पण दोन ओळींखाली जागा पुन्हा मोकळी राहिली. पेंटरने कुंचला पुन्हा बुडवला आणि कुणालाही न विचारता तिसरी ओळ लिहिली: 'शांतता राखा.' टिंब भरताना तिळाएवढी जागा त्याने कोरी सोडली.

सलूनवाल्याने ते वाचलं आणि मुकाट्याने रेडिओ बंद केला. लिहिलेलं होतं, त्यामुळे मेव्हण्यानेही जीपचा हॉर्न वाजवला नाही. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी टिंबावर हळूच बोट ठेवलं. रंग ओला होता.

तळाला बोटभर पट्टी उरली होती. तिथे पेंटरने पहिल्यासारखंच 'हुकुमावरून' लिहिलं. हुकूम कुणाचा, हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.